शिवणयंत्राचा दोरा

शिवणाच्या पेटींत पडलेल्या दोऱ्याच्या रिळाकडे इतिहासाचें साधन म्हणून कोणी पाहात नाहीं. यंत्र विकत घेतांना घरांतील मंडळी दहा ठिकाणीं चौकशी करतात. दोरा मात्र रंग जुळला कीं घेतला जातो. मग टीप सुटते, दोरा तुटतो, कापडाला चुण्या पडतात, आणि सारा दोष यंत्राच्या माथीं मारला जातो. यंत्राला दोरा इतका पारखून कां द्यावा लागतो, या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें, तर तें स्कॉटलंडमधील विणकरांच्या एका गांवापासून पुण्याच्या पेठांपर्यंत घेऊन जातें.

महाराष्ट्रांत शिंप्याचा धंदा फार जुना. संत नामदेव शिंप्याच्या कुळांतले. गुरुग्रंथसाहिबांत त्यांच्या नांवानें असलेल्या एका पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा हीं धंद्याचीं साधनेंच भक्तीचीं रूपकें झालीं आहेत. हातशिलाईंत दोऱ्याचा गुणदोष प्रथम बोटांना कळतो. गांठ आली कीं हात आपोआप सावकाश चालतो; सूत विसविशीत वाटलें तर त्याला मेण लावतां येतें. शिवाय हातानें शिवतांना दोरा सुईच्या नेढ्यांत जवळजवळ स्थिर असतो. दुबळ्या दोऱ्याला मनुष्याचा हात सांभाळून घेतो. यंत्र असें सांभाळून घेत नाहीं.

अमेरिकेंत इलायस हौ यानें १८४६ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत सुईचें नेढें टोंकाजवळ आणलें होतें, आणि वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवून टांका पक्का करण्याची योजना होती. आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं आपल्या सुधारलेल्या यंत्राचें पेटंट मिळविलें. पुढें १८५६ पासून त्याच्या कंपनीनें हप्त्यानें विक्री सुरू केली, तेव्हां हें महाग यंत्र मध्यम स्थितींतील घरांच्या आटोक्यांत आलें. या रचनेंत वरचा दोरा कापडाखालीं जाऊन मोठा फांस करतो, तो फांस खालच्या दोऱ्याला वळसा घालतो आणि मग वर ओढला जातो. म्हणजे दोऱ्याचा एकच तुकडा कापडांत कायमचा बसण्यापूर्वीं नेढ्यांतून कित्येक वेळां खालींवर घांसला जातो. जो दोरा हातांत मजबूत भासतो, तो या घर्षणानें उसवून तुटूं शकतो.

आरंभींचीं यंत्रें म्हणूनच सुती दोऱ्यावर नाखूष असत. त्या काळचा तीनपदरी सुती दोरा जाडाभरडा, विषम आणि खळ चढविलेला असे. रेशीम चांगलें चाले, पण तें महाग. ही अडचण स्कॉटलंडमधील पेझ्ली या गांवानें सोडविली. हें गांव मराठी घराला नांवानें नसलें तरी नक्षीनें परिचित आहे. कारण काश्मिरी शालींच्या नकला तेथें इतक्या विणल्या गेल्या, कीं आपल्या कोयरीला युरोपांत पेझ्ली हेंच नांव पडलें. नेपोलियनच्या युद्धांत रेशमाची आवक खुंटली, तेव्हां तेथील क्लार्क घराण्यानें मागाच्या कामासाठीं रेशमाऐवजीं सुती दोरा वळण्यास आरंभ केला, आणि पुढें तोच शिवणासाठीं विकला जाऊं लागला. १८६० नंतरच्या वर्षांत याच घराण्यानें यंत्रासाठीं गुळगुळीत सहापदरी दोरा पुढें आणला. १८९६ सालीं क्लार्क आणि कोट्स या दोन्ही पेढ्या एक झाल्या, आणि जगाच्या दोऱ्याच्या व्यापारावर त्यांचें वर्चस्व बसलें.

रिळावरच्या नंबराचा अर्थ याच इतिहासांत दडलेला आहे. सुताची एक लडी ८४० यार्डांची. अशा जितक्या लड्या मिळून वजन एक पौंड भरेल, तितका त्या सुताचा नंबर. साठ नंबरच्या एका पौंड सुताची लांबी त्यामुळें ५०,४०० यार्ड होते. नंबर जितका मोठा, तितकें सूत बारीक. साठ नंबरचा तीनपदरी दोरा साठ नंबरच्या तीन सुतांचा असे. सहापदरी दोरा निघाला तेव्हां जुना नंबर तसाच ठेवून त्यांत १२० नंबरचीं सहा सुतें घालण्यांत आलीं. जाडी तीच राहिली, पण पदर दुप्पट झाल्यानें दोरा अधिक गोल व एकसारखा झाला.

हें रीळ पुण्यांत शिरलें, तेव्हां त्याची गांठ निराळ्याच प्रश्नाशीं पडली. १८७७ च्या दिल्ली दरबाराला सार्वजनिक सभेच्या वतीनें गेलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातसुताच्या कपड्यांत गेले होते. ऑक्टोबर १९०५ मध्यें याच शहरांत परदेशी कापडाची होळी झाली. तिच्या अग्रभागीं फर्ग्युसन कॉलेजांतील विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर होते. कापड स्वदेशी घेण्याचा निश्चय करतां येत होता; पण तें शिवावयाचें कशानें? सिंगर कंपनीचा मोठा कारखाना १८८५ पासून स्कॉटलंडमध्येंच, पेझ्लीपासून कांहीं मैलांवर, क्लाईडबँक येथें चालत होता. यंत्र क्लाईडकांठचें आणि दोराहि क्लाईडकांठचा, अशा शिवणीनें स्वदेशी कापडाचे तुकडे जोडले जात. हातसूत दोऱ्याच्या जागीं वापरावें, तर त्याचा पीळ कमीअधिक. कोठें जाड, कोठें बारीक. मागावर तें खपून जातें. यंत्राच्या नेढ्यांत टिकत नाहीं.

या पेंचाला महात्मा गांधींनींहि एक उत्तर दिलें. १९२४ च्या आरंभीं ते येरवड्याच्या तुरुंगांतून ससून रुग्णालयांत आले, तेथें शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची सुटका झाली. त्याच वर्षीं पुढें यंत्रविरोधासंबंधीं प्रश्न निघाला असतां त्यांनीं शिवणयंत्राला अपवाद मानलें. सिंगरनें आपल्या पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमानें तें निर्माण केलें, असें त्यांनीं सांगितलें. इतिहास सिंगरच्या बाजूनें अशी साक्ष देत नाहीं. त्याची दृष्टि व्यापाऱ्याची होती. पत्नीला शिवतांना पाहून कल्पना सुचल्याची आख्यायिका हौ याच्याविषयीं सांगतात. परंतु गांधींचा मुद्दा नांवावर अवलंबून नव्हता. माणसाचे हात बेकार न करतां त्याचे कष्ट हलके करणारें यंत्र त्यांना मान्य होतें.

पुण्यांत त्या हातांची कथा ठाऊक होती. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८९० सालीं मुंबईहून पुण्यास आलें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्याचें सेवासदन उभारलें, आणि तेथें शिवणाचेहि वर्ग चालले. घराबाहेर नोकरी करणें ज्या स्त्रीला दुरापास्त, तिला शिवणयंत्र हें घरच्या घरीं मानानें चार पैसे मिळविण्याचें साधन होतें. अशा स्त्रीला दोऱ्याची निवड हा हौसेचा विषय नव्हता. पोलक्याची टीप पहिल्या धुण्यांत उसवली, तर मजुरी जाई आणि गिऱ्हाईकहि जाई. रिळावर वांचविलेला आणा असा दामदुपटीनें परत द्यावा लागे.

म्हणून पारख शिकावी लागे, आणि ती आजहि तीच आहे. मलमलीसारख्या तलम कापडाला ८० ते १०० नंबरचा सुती दोरा व ११ नंबरची सुई. सदऱ्याच्या कापडाला ६० ते ८० चा दोरा व १४ ची सुई. जाड कापडाला ४० ते ६० चा दोरा व १६ ची सुई, असा साधारण मेळ बसतो. पीळहि पाहावा लागतो. दोरा दोन्ही हातांत आडवा धरून उजव्या हाताच्या चिमटींत वरून आपल्याकडे वळवावा. पदर घट्ट झाले तर तो सुईला योग्य, उलगडले तर अयोग्य. अयोग्य पिळाचा दोरा शिवतां शिवतां यंत्रच उलगडून टाकतें.

पुढें चित्र पालटलें. १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास ‘उषा’ हें देशी यंत्र तयार होऊं लागलें, आणि सुईवाल्यांचा निम्मा प्रश्न सुटला. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनीं पॉलिएस्टरचा शोध लावला. आज बाजारांत त्याच दोऱ्याचा भरणा आहे. तो आटत नाहीं, कुजत नाहीं, सहजीं तुटतहि नाहीं. पण कडक इस्त्रीपुढें तो सुती दोऱ्याइतका टिकत नाहीं, आणि त्याची फाजील मजबुती हाच कधीं कधीं दोष ठरतो. जुन्या, विरलेल्या सुती कापडावर ताण आला, तर असा दोरा शाबूत राहतो आणि कापडच टिपेच्या कडेनें फाटतें.

येथेंच जुन्या शिवणकामाचें शहाणपण उपयोगी पडतें. दोरा कापडाहून किंचित् दुबळा असावा. ताण आला तर त्यानें तुटावें, कापडानें नव्हे. उसवलेली टीप दहा मिनिटांत पुन्हा घालतां येते. फाटलेलें वस्त्र मात्र कितीहि सांधलें तरी पूर्ववत् होत नाहीं. ज्या स्त्रियांनीं एकेका टिपेवर संसार उभा केला, त्यांना ही गोष्ट कोणत्याहि कोष्टकावांचून ठाऊक होती.