पॅरिसला गेलेला अर्ज

दोस्तहो, प्रत्येक अत्याचारानंतर आपल्यात एक बोलणं निघतं. 'इथं न्याय भेटत नसल तं युनोत जाऊ.' बोलणं चुकीचं नाही. पण युनोचा दरवाजा आपल्या शेजारच्या मुलखानं १९४८ साली ठोठावला होता, आन् ठोठावणाऱ्यांत आपला एक माणूस होता. हा इतिहास आपल्याला कोण्या मास्तरानं शिकवला नाही. म्हणून लिहून राह्यलो.

आधी आपली जागा पाहू. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. १९४८ साली वाशिम म्हणजे अकोला जिल्ह्यातला तालुका. खाली हिंगोलीपासून निजामाचं राज्य सुरू व्हायचं. खरं तं वऱ्हाडसुद्धा कागदावर निजामाचंच होतं. इंग्रजांनी १८५३ ला फौजेच्या कर्जापोटी ते ताब्यात घेतलं, आन् १९०२ ला वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं पट्ट्यानं लिहून घेतलं. जमीन गेली, जमिनीवरची माणसं गेली. सही करताना त्यांना कोणी विचारलं नाही. ही 'सही' ध्यानात ठेवा. पुढं तिचंच काम आहे.

१९४७ ला इंग्रज गेले. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली. हजारो माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, खानदेशात, सोलापूरकडं पळून आली. तिकडं तेलंगणात देशमुखांविरुद्ध शेतकऱ्यांनी हत्यार उचललं होतं. राज्याच्या आतच युद्ध पेटलेलं.

या आगीत आपण कुठं? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर निवेदन काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना बजावलं, की निजाम आन् इत्तेहादच्या बाजूनं उभे राहू नका. पण तिथल्या पुढाऱ्यांत फूट पडली होती. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात बसले. आन् श्यामसुंदर, जन्म १९०८, गाव औरंगाबाद, निजामाच्या शिष्टमंडळातून पॅरिसला गेले.

हैदराबादनं २१ ऑगस्ट १९४८ ला सुरक्षा परिषदेकडं तक्रार केली. शिष्टमंडळाचा प्रमुख मोईन नवाज जंग. १३ सप्टेंबरला हिंदी फौज हैदराबादेत शिरली. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद बसली. भारत सरकारचं म्हणणं होतं, हैदराबाद हे राष्ट्रच नाही, त्याला इथं उभं राहायचा हक्क नाही. १७ ला निजाम शरण आला, अन् २२ तारखेला त्यानं कळवलं, तक्रार मागं घेतली. राजानं अर्ज केला, राजानंच फाडला. प्रकरण मात्र 'हैदराबादचा प्रश्न' या नावानं परिषदेच्या यादीत कैक दशकं पडून राह्यलं. विचारणारा कोणी नाही.

श्यामसुंदरांना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालत नाही. याच माणसानं पुढं १९६८ ला गुलबर्ग्यात भीमसेना उभी केली. हिंदू गावगाड्याचा त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्यांनी आपलं दुःख राजाच्या पेटीत ठेवलं, आन् पेटीची किल्ली राजाकडंच राह्यली. राजाला जीव वाचवायचा होता, त्यानं पेटी बंद केली. आतल्या दुःखाला बाहेर यायला फट उरली नाही.

आता यापुढचं वाचताना दात आवळून वाचा. फौज आल्यावर जे झालं त्याला सरकार 'पोलीस कारवाई' म्हणतं. पण त्या दिवसांत आन् त्यानंतर गावोगावी मुसलमानांची कत्तल झाली. रझाकार कोण, गरीब मुसलमान कोण, हे कोणी पाह्यलं नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आन् मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ते फिरले. १६ पैकी ९ जिल्हे पाह्यले. न पाह्यलेल्या १०९ गावांतल्या ५०० च्या वर माणसांशी बोलले. त्यांचा कमीत कमी अंदाज २७ हजार ते ४० हजार मेल्याचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चारच जिल्ह्यांत १८ हजाराच्या खाली नाही. काही ठिकाणी लष्कर-पोलिसातली माणसं लुटीत होती, हेही त्यांनी लिहिलं. कोण्या अधिकाऱ्यांनी जीव वाचवले, तेही लिहिलं.

नेमक्या त्याच दिवसांत पॅरिसला काय चाललं होतं? ९ डिसेंबरला वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर झाला. १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा. तिकडं हात वर होत होते, इकडं तीन माणसं विधवांच्या जबान्या लिहून घेत होती. दोन्ही कागद एकमेकांना कधी भेटले नाहीत. पॅरिसचा कागद जगभर छापला. सुंदरलालांचा अहवाल सरकारनं दाबला. तुकडे बाहेर येत राह्यले, पण दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना वाचायला भेटला २०१३ च्या सुमारास. ६५ वर्षं!

त्या अहवालात एक गोष्ट आहे. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, हल्लेखोर हिंदूंशी लढून, आपला जीव देऊन. मी सूतगिरणीतला माणूस. मला त्या आकड्यांपेक्षा या दोन-तीन ओळींनी जास्त हलवलं. शेजारच्या मागावर बसणाऱ्याची जात-धर्म त्यांना माहीत नव्हता काय? चांगला माहीत होता. तरी धागा त्यांनी तुटू दिला नाही.

रझवीला शिक्षा झाली, १९५७ ला सुटला, पाकिस्तानात गेला. पण त्या कत्तलीचं काय? अहवालच कुलुपात, तं जाब कोण विचारणार? माझं म्हणणं असं, की जे बिनशिक्षेचं राहते ते गावाची सवय होते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आन् आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. जिल्हा तोच, नांदेड. घर जाळलं तरी काही होत नाही, हा धडा गाव ३० वर्षांआधीच शिकलं होतं. त्या वेळी तिकडची घरं, आता आपली.

मंग युनोत जायचं का नाही? जायचं. बाबासाहेबांनीच १९४६ ला अमेरिकेतल्या डुबॉईस यांना पत्र लिहून निग्रोंनी युनोला दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आपणही तसं करायच्या विचारात आहोत म्हणून. भगवान दास १९८३ ला जिनिव्हात बोलले. २००१ ला डर्बनला आपली माणसं पोचली, तं सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा घरातला मामला. १९४८ चंच उत्तर! पण २००२ ला युनोच्या वंशभेदविरोधी समितीनं लिहून दिलं, की जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जात येते. हा दरवाजा आपण आपल्या सहीनं थोडा ढकलला, कोण्या निजामाच्या नाही.

मात्र दरवाजाच्या पलीकडं लगेच न्यायाधीश बसलेला नाही. वाशिम जिल्हा झाला त्याच जुलै १९९८ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला. भारतानं त्यावर सही केलेली नाही. शिवाय ते न्यायालय १ जुलै २००२ च्या आधीचे गुन्हे घेत नाही. म्हणजे १९४८ चे मेलेले तिथं जाऊ शकत नाहीत, १९७८ चेही नाही.

तेव्हा पहिलं काम इथंच आहे. रिसोडला, मालेगावला, मंगरुळपीरला, मानोऱ्याला, कारंज्याला, सरहद्दीपल्याड सेनगाव-हिंगोलीला म्हातारी माणसं अजून आहेत. वही घ्या. नाव, गाव, तारीख, कोणी मारलं, कोणी वाचवलं, लिहून घ्या. आपलाच मेलेला लिहू नका. रझाकारानं मारलेला लिहा, फौजेमागून आलेल्या जमावानं मारलेला मुसलमान लिहा, नामांतरात जाळलेला आपला लिहा. फक्त स्वतःचे मुडदे मोजणाऱ्याचा अर्ज जग ऐकत नाही, आन् ऐकूही नये.

आन् खाली सही आपली करा. म्हणजे तो अर्ज मागं घ्यायचा हक्क दुसऱ्या कोणाकडं राहणार नाही.

जयभीम.