शेंकडा नव्वद बंदुका

संख्येच्या ठायीं एक विलक्षण अधिकार असतो. एखादा मनुष्य "पुष्कळ" म्हणाला, तर आपण त्यास "किती?" म्हणून विचारतों, परंतु तोच "शेंकडा नव्वद" म्हणाला, कीं आपली जिज्ञासा तेथेंच शमते. वास्तविक महत्त्वाचा प्रश्न त्यानंतर विचारावयाचा असतो. शेंकडा नव्वद खरे, पण कशापैकीं? हा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळें एका सरळ सत्याची कशी ओढाताण होते, याचें बोधप्रद उदाहरण अमेरिका व मेक्सिको यांच्या सरहद्दीवरील अलीकडच्या इतिहासांत सांपडतें.

डिसेंबर २००६ मध्यें मेक्सिकोचे अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनीं मादक द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरविलें. पुढील वर्षांत त्या देशांत सहस्रावधि माणसें मारलीं गेलीं. न्यायाधीश, पोलीस, नगराध्यक्ष, वृत्तपत्रकार, कोणीहि सुटले नाहींत. मेक्सिकोंत बंदुकांची कायदेशीर विक्री सैन्याच्या हातीं असून परवान्याचे नियम कडक आहेत. उलट उत्तरेस लागून असलेल्या टेक्सस व ॲरिझोना या राज्यांत रायफल विकत घेणें फारसें अवघड नाहीं. तेव्हां हीं हत्यारें येतात कोठून, हा प्रश्न मेक्सिकोच्या दृष्टीनें निव्वळ कुतूहलाचा नव्हता.

२००९ सालीं या प्रश्नास एक आयतें उत्तर मिळालें. मेक्सिकोंत सांपडणाऱ्या बंदुकांपैकीं शेंकडा नव्वद अमेरिकेंतून येतात, असें अमेरिकन कायदेमंडळांत सांगण्यांत आलें. वृत्तपत्रांनीं तें छापलें आणि एप्रिल महिन्यांत खुद्द मेक्सिको शहरीं अध्यक्ष ओबामा यांनींहि त्याचाच पुनरुच्चार केला.

हा आंकडा कोणाच्या कल्पनेंतून निघाला नव्हता, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अमेरिकन कायदेमंडळाच्या वतीनें सरकारी कारभाराची तपासणी करणारें एक कार्यालय आहे. त्याच वर्षीं जूनमध्यें या कार्यालयाचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून हिशेब असा निघतो. २००८ सालीं मेक्सिकोच्या सरकारनें जवळजवळ ३०,००० बंदुका हस्तगत केल्या. त्यांपैकीं सुमारें ७,२०० बंदुकांची माहिती हत्यारांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन खात्याकडे शोधासाठीं गेली. त्यांतील सुमारें ४,००० बंदुकांचा माग लागला. आणि या माग लागलेल्यांपैकीं शेंकडा ८७, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास, अमेरिकेंतल्या ठरल्या. "सांपडलेल्या" आणि "माग लागलेल्या" या दोन शब्दांमधील अंतर, तीस हजार आणि चार हजार यांमधील अंतराएवढें आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तें अंतर नाहींसें झालें.

माग कसा लागतो, हें पाहिलें म्हणजे या अंतराचें महत्त्व कळतें. बंदुकांच्या मालकांची मध्यवर्ती नोंद ठेवण्यास अमेरिकेंत १९८६ च्या कायद्यानें मनाई आहे. त्यामुळें बंदुकीवरील क्रमांक घेऊन कारखानदाराकडे, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून किरकोळ दुकानदाराकडे अशी पायरीपायरीनें चौकशी करावी लागते, आणि शेवटीं दुकानदाराच्या वहींत पहिल्या गिऱ्हाइकाचें नांव मिळालें तर मिळतें. क्रमांक खरवडून टाकलेला असला, कीं वाट खुंटली. शिवाय जी बंदूक मेक्सिकोच्याच सैन्याच्या कोठारांतून फुटली, किंवा जी मध्य अमेरिकेंतील १९८० नंतरच्या यादवी युद्धांतून उरली, तिच्याविषयीं उत्तरेकडे विचारणा करण्यांत अर्थ तो काय? जिच्यावर अमेरिकन खूण आहे, तीच अमेरिकेकडे धाडण्याचा संभव अधिक. अशा निवडलेल्या ढिगावरून साऱ्या ढिगाचें अनुमान करणें धोक्याचें आहे.

परंतु येथेंच थांबलें तर आपणहि एकांगी ठरूं. नव्वदाचा आंकडा खोडून काढावयास जे पुढें सरसावले, त्यांनीं दुसऱ्या टोकाची चूक केली. त्यांनीं माग लागलेल्या अमेरिकन बंदुकांस हस्तगत झालेल्या सर्व बंदुकांनीं भागिलें आणि "खरें प्रमाण शेंकडा सतरा", "खरें प्रमाण शेंकडा बारा" असें जाहीर केलें. म्हणजे ज्या बंदुकांविषयीं कोणी कांहीं विचारलेंच नाहीं, त्या सर्व अमेरिकेबाहेरच्या असें त्यांनीं गृहीत धरलें. एका पक्षानें अज्ञातास आपल्या खात्यावर जमा केलें, दुसऱ्यानें आपल्या. अज्ञात मात्र अज्ञातच राहिलें.

पुढें अमेरिकन खात्यानें अधिक मोठा हिशेब दिला. २००७ ते २०११ या पांच वर्षांत मेक्सिकोकडून ९९,००० हून अधिक बंदुका शोधासाठीं आल्या, आणि त्यांतील ६८,००० हून अधिक अमेरिकेंत तयार झालेल्या किंवा कायदेशीर रीतीनें तेथें आयात झालेल्या होत्या. शोधास दिलेल्या साऱ्या बंदुका हिशेबांत धरतांच नव्वदाचे सुमारें अडुसष्ट झाले. तथापि अमेरिकेंत बनलेली प्रत्येक बंदूक चोरट्या वाटेनेंच गेली, असें यावरूनहि सिद्ध होत नाहीं. मेक्सिकोच्या सरकारासहि तेथून रीतसर हत्यारें विकलीं जातात.

एकंदर आयातीच्या अंदाजांची स्थिति याहून नाजूक आहे. दररोज दोन हजार बंदुका सरहद्द ओलांडतात, असा एक आंकडा त्या काळीं वृत्तपत्रांतून फिरत असे; म्हणजे वर्षास सात लाखांहून अधिक. २०१३ सालीं सॅन डिएगो विद्यापीठ व ब्राझीलमधील इगारापे संस्था यांच्या अभ्यासकांनीं २०१० ते २०१२ या काळासाठीं वर्षास २,५३,००० असा अंदाज केला. पण कमींत कमी सुमारें १,०७,००० व जास्तींत जास्त सुमारें ४,२७,००० अशा मर्यादाहि प्रामाणिकपणें सांगितल्या. हा चौपट फरक हेंच त्या अभ्यासाचें खरें उत्तर होय. मधला एकच आंकडा उचलला, कीं तें उत्तर हरवतें.

इतिहासाच्या अभ्यासकास यांत नवें कांहीं नाहीं. १८९८ सालीं राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां पानिपतच्या बखरींतील हकीकती अस्सल पत्रांशीं ताडून पाहण्याचा धडा त्यांनीं आपणांस घालून दिला. बखरकार नेहमीं लबाड असतो असें नव्हे. ऐकलेलें तो विश्वासानें लिहितो. आजचा वार्ताहरहि बहुधा तेंच करतो. फरक इतकाच, कीं बखरीस अधिकार मिळावयास पिढ्या लागत. मथळ्यास एक सकाळ पुरते.

मात्र आंकडा फुगविलेला होता, म्हणून व्यापारच खोटा, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. याच काळांत, २००९ ते २०११ मध्यें, मोठे म्होरके सांपडावेत म्हणून अमेरिकन खात्याच्या ॲरिझोनांतील अधिकाऱ्यांनीं संशयित गिऱ्हाइकांस सुमारें दोन हजार बंदुका नेऊं दिल्या. त्यांपैकीं दोन रायफली डिसेंबर २०१० मध्यें सरहद्दीवरील एका अमेरिकन रक्षकाचा जेथें बळी पडला तेथें सांपडल्या. चोरटा व्यापार खरा आहे, हें सिद्ध करावयास नव्वदाची गरज नव्हती.

तरीहि तो आंकडा गेला नाहीं. २०२१ सालीं मेक्सिको सरकारनें अमेरिकन बंदूक-कारखानदारांविरुद्ध बोस्टन येथें दावा लावला, त्यांत "सत्तर ते नव्वद" हे शब्द पुन्हां आले. जून २०२५ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो दावा एकमतानें अमान्य केला. निर्णय कारखानदारांस संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यावर झाला, त्यामुळें आंकड्यांचा वाद न्यायालयापुढें सुटला नाहीं.

ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं, त्यांस अडुसष्ट काय आणि नव्वद काय, असें कोणी म्हणेल. पण न्याय मागावयाचा तर तो त्यांच्याच वतीनें मागावयाचा असतो. मागणीचा एक आंकडा खोटा ठरला, कीं प्रतिपक्षी सारी मागणीच खोटी म्हणून फेंटाळूं शकतो. आणि मेक्सिकोच्या बाबतींत कित्येकांनीं नेमकें तेंच केलें. म्हणून ज्या पक्षाबद्दल आपणांस सहानुभूति आहे, त्याचाच आंकडा आपण अधिक कसोशीनें तपासला पाहिजे.