नाव डॉट आडनाव

ईमेलच्या पत्त्यात आधी माणसाचं नावच नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६५ साली टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी एकाच मोठ्या संगणकावर काम करणाऱ्यांसाठी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. त्या संगणकाला माणसं ओळखीची होती ती प्रकल्पाच्या आणि प्रोग्रामरच्या क्रमांकाने. निरोपही क्रमांकालाच जायचा. १९७१मध्ये रे टॉमलिन्सनने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला आणि मध्ये ‘अ‍ॅट’चं चिन्ह बसवलं. उजवीकडे यंत्राचं नाव, डावीकडे माणसाचं लॉगिन. पत्त्यासाठी वेगळं नाव शोधायची गरज कुणाला वाटली नाही.

लॉगिन रोज टंकायचं, म्हणून ते आखूड हवं. बेल लॅब्समध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणारे डेनिस मॅकॲलिस्टर रिची ‘डीएमआर’ झाले, ब्रायन कर्निगन ‘बीडब्ल्यूके’. आपल्याकडे गजानन दिगंबर माडगूळकर ‘गदिमा’ झाले, तसंच. केन थॉम्पसन नुसतेच ‘केन’; आधी येणाऱ्याला हवं ते मिळतं! युनिक्समध्ये लॉगिनला बराच काळ आठ अक्षरांची मर्यादा होती. रोमन लिपीतले कुलकर्णी त्यात नेमके मावतात. देशपांड्यांचं शेवटचं अक्षर मात्र बाहेर राहतं.

डॉटला जागा मिळाली ती नियमातून. ‘आरएफसी ८२२’ या १९८२च्या दस्तऐवजाने अ‍ॅटच्या डावीकडे डॉटने जोडलेले शब्द चालतील असं ठरवलं, आणि त्यांचा अर्थ लावणं पत्र घेणाऱ्या यंत्रावर सोपवलं. एरिक ऑलमनच्या ‘सेंडमेल’ या पत्रं पोचवणाऱ्या प्रोग्राममध्ये टोपणनावांची यादी ठेवता येई. लॉगिन आठ अक्षरांचंच राहू दे, बाहेरच्या जगाला मात्र पूर्ण नाव आणि आडनाव दाखवा, ही सोय अशी झाली. माझ्या मते खरा शोध अ‍ॅटचा नव्हे, हा. यंत्राच्या सोयीचं नाव आणि माणसाचं नाव इथे वेगळी झाली.

अ‍ॅटची उजवी बाजू यंत्राच्या नावातून सुटायला मात्र आपल्याकडे वेळ लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा मुंबईकरांच्या पत्त्यात ‘जीआयएएसबीएम०१’ असं चक्क यंत्राचं नाव असे. फोनवर सांगताना जीभ अडखळायची.

आज एखाद्या कार्यालयाला पत्त्यांची पद्धत ठरवायची असेल, तर नाव डॉट आडनाव बरं. जोशी, पाटील, कुलकर्णी अशा आडनावांत एकाच नावाचे दोघे निघणारच. तेव्हा दुसऱ्याच्या पत्त्याला ‘२’ लावू नका, मधल्या नावाचं आद्याक्षर घाला. लग्नानंतर कुणी आडनाव बदललं, तर नवा पत्ता द्या, पण जुना टोपणनाव म्हणून चालू ठेवा. हिशेब, तक्रारी, भरती यांना मात्र माणसाचं नाव नको, कामाचं द्या. आणि सोडून गेलेल्याचा पत्ता नव्या माणसाला कधीही देऊ नका. आधीच्याची खासगी पत्रं त्याच्या हाती पडतील.