सिमेंट, माती आणि पाणी : एका जुन्या वादाचा मागोवा

सिमेंट ‘वाळते’ असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः ते वाळत नाही. पाण्याशी संयोग पावून ते घट्ट होते. गवंड्यांची बोली या बाबतीत अधिक शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल, कारण नव्या बांधकामावर ते कित्येक दिवस ‘पाणी मारतात’. हे पाणी आत जाऊन नेमके करते काय, याविषयी मात्र रसायनज्ञांत दीर्घकाळ एकमत नव्हते. इ. स. १८८७ मध्ये ल शातेलिए याने असे प्रतिपादन केले की, सिमेंट प्रथम पाण्यात विरघळते व त्या द्रावणातून निघालेले सूक्ष्म स्फटिक परस्परांत गुंततात. १८९३ मध्ये मिखाएलिसने उलट पक्ष मांडला : घट्टपणा येतो तो कलिलरूप, चिकट पदार्थामुळे. त्या पदार्थाच्या अंतरंगात डोकावण्याचे साधन दोघांपाशीही नव्हते.

मातीचे कोडे त्या मानाने लवकर उलगडले. १९३३ साली हॉफमन, एंडेल व विल्म यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले की, माँटमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्यांचे असून पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरते. आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्याचे मूळ याच वर्गातील खनिजांत आहे. सोडियमयुक्त खनिजात पापुद्र्यांचे अंतर कोरडेपणी सुमारे १० आंगस्ट्रॉम असते. पाण्याचा एक थर शिरला की ते १२.५ च्या आसपास जाते, दुसरा शिरला की १५ च्या. परंतु थरांतील रेणू सतत हलते असल्यामुळे त्यांची मांडणी केवळ क्ष-किरणांवरून पुरती कळेना.

येथे गणकयंत्र साहाय्यास आले. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ साली ८६४ आर्गॉन अणूंची गती न्यूटनच्या नियमांनी क्षणाक्षणाने गणून काढली व १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्यासह हीच रीत पाण्याच्या २१६ रेणूंस लावली. स्किपर, रेफसन व मॅकॉनेल यांनी १९८९ ते १९९१ या काळात मातीच्या पापुद्र्यांमधील पाण्याची अशीच गणना केली. २००४ मध्ये सिगन, लियांग व कालिनिचेव्ह यांनी ‘क्लेफ’ ही नियमावली दिली. प्रत्येक अणूस ठरावीक अंशभार, बंधांचे नियम अगदी मोजके, आणि तेवढ्यावर अनेक खनिजांचे वर्णन! भाषाभ्यासकास येथे पाणिनीच्या लाघवाचे स्मरण व्हावे.

सिमेंटची पाळी २००९ साली आली. पेलेंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोबरमोराइट या खनिजाच्या रचनेतून काही सिलिका काढून टाकली, कॅल्शियम व सिलिकॉन यांचे प्रमाण १.६५ वर आणले व रिकाम्या जागी पाणी भरू दिले. घनता निघाली २.५६, प्रयोगांनी २००७ मध्ये दिलेला आकडा २.६० होता. या प्रतिमानात स्फटिकाचे थर काही अंशी टिकून होते आणि काचेसारखी अव्यवस्थाही होती. म्हणजे ल शातेलिए व मिखाएलिस दोघांनाही थोडथोडे देणे निघाले. तथापि माझ्या मते या प्रतिमानाचे खरे दुबळे स्थान वेगळेच होते. त्यात पाण्याचे रेणू अभंग धरले होते. २०१२ मध्ये मान्सानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंध तुटू व जुळू देणारी पद्धत वापरली, तेव्हा काही रेणू फुटून त्यांचे हायड्रॉक्सिल गट कॅल्शियम व सिलिकॉन यांस जाऊन मिळतात, असे दिसले. मूळ सूत्रातील पाण्याचे १.७५ हे मान त्यामुळे चुकीचे ठरत नाही. परंतु त्यातील काही भागास आता पाणी म्हणता येत नाही.