चौक लिहिणाऱ्या बायांची नावं कुठे आहेत?

दर ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, माझ्या मोबाईलवर शुभेच्छांची शेपन्नास चित्रं येतात. सगळ्यांत तीच त्रिकोणाची माणसं, तोच तारप्याचा वेढा. यंदा आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी इमारतीच्या कुंपणावरही ठेकेदाराने ऑइलपेंटने 'वारली' काढून घेतली. रंग झकास आहे, पण तारपा वाजवणाऱ्याच्या हातात चक्क शहनाई आहे! हसून सोडून दिलं असतं, पण आजी आठवली आणि राहवलं नाही. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आजीला कोणी चित्रकार म्हटलं असतं तर तिला ते कळलंच नसतं. ती भात लावायची, टोपल्या विणायची, भिंत सारवायची, आणि पाड्यात लग्न निघालं की चौक लिहायला जायची. हो, लिहायला. 'काढायला' म्हटलं की ती दुरुस्त करायची. तांदूळ भिजवून वाटायचे, पाण्यात कालवायचे, काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि गेरूच्या भिंतीवर आधी चौकट, मग चौकटीत पालघाट देवी. पालघाट बसल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. चौक लिहायच्या त्या सवाष्णी. पुरुष देवाला अंगात घ्यायचे, पण देवीला भिंतीवर आणणं बायांचं काम होतं.

बाहेरच्या लोकांना आमच्या या धर्माचं काय करावं ते कधी कळलं नाही. इंग्रजांनी १९०१ च्या जनगणनेत आमच्यासारख्यांसाठी 'ॲनिमिस्ट' असा रकाना ठेवला. म्हणजे झाडादगडात जीव मानणारे. १९५१ पासून तसा वेगळा रकाना राहिला नाही. युरोपात अशा लोकांना 'पेगन' म्हणायचे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेडवळ. शिवी म्हणूनच वापरला, पण मला तो फारसा चुकीचा वाटत नाही. आमचे देव खेड्यातलेच. वाघदेव शिवेवर उभा, हिरवा घरात, धरतरी पायाखाली, कणसरी कणगीत. कणसरी म्हणजे धान्याची देवी. आता बघा, चौकाचा पांढरा रंग कशाचा? तांदळाचा. म्हणजे एक देवी दुसऱ्या देवीच्या अंगाने लिहायची. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझं मीच लावलेलं गणित आहे, चुकलं असेल तर जाणत्यांनी सांगावं. पण त्यामुळे मला एक गोष्ट उमगली. तो चौक जपून ठेवायचा कोणाच्या मनातही यायचं नाही. पुढच्या सारवणात तो जायचा, पुढच्या लग्नाला नवा यायचा. भात नाही का दरवर्षी नवा येत?

आता जे फार कोणी लिहीत नाही ते लिहितो. 'निसर्गाशी एकरूप, आनंदी आदिवासी' वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं. ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जायचा, त्याच लग्नाने आमची माणसं गुलाम झाली. डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यात त्याला शब्दच होता, लग्नगडी. लग्नाला सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. या भीतीने कित्येक जोडपी लग्न न लावताच संसार करायची, आणि हाती पैसा आला की पोरंबाळं झाल्यावर विधी उरकायची. माझे आजोबा लग्नगडी होते. आजीच्या लग्नाचा चौक लिहिला गेला आणि त्याच आठवड्यात ती सावकाराच्या खळ्यावर गेली.

२३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभेचा लाल बावटा. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, हे तिथे ठरलं. पुढे मजुरीचा लढा पेटला आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड तिथे पडला. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. आजोबा सुटले ते या लढ्यामुळे, कोणाच्या दयेने नाही.

मी आजवर पाहिलेल्या एकाही चौकात सावकार नाही. झाडं आहेत, ताडावर चढलेला माणूस आहे, मुंग्या आहेत, नाच आहे. काही शिकलेले मित्र म्हणतात, ही पळवाट. मला नाही पटत. दिवसभर दुसऱ्याच्या खळ्यावर राबलेल्या बाईने रात्री भिंतीवर कोणाला जागा द्यायची हे तिनेच ठरवलं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन आले, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. म्हसेंनी लग्नाबाहेर, रोज, मनाला येईल ते काढलं. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं, २०११ ला पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. माणूस अस्सल होता, त्यांच्याबद्दल वाकडा शब्द निघायचा नाही. पण कागद आला आणि कागदाखाली सही आली. सही पुरुषांची. भिंतीवर सही नव्हतीच, म्हणून आजीसारख्यांचं नाव कुठेच नाही. २०१४ ला कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण ते मिळालं तेव्हा चौक लिहिणाऱ्या किती म्हाताऱ्या पाड्यात जिवंत होत्या याची कोणी यादी केलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि खापर नुसतं बाहेरच्यांवर फोडून चालणार नाही. आजोबा गेल्यावर आजीने काडी खाली ठेवली. विधवेने चौकाला हात लावायचा नाही. पाड्यात तिच्याइतकी सरळ रेघ कोणाची नव्हती, तरी ती कोपऱ्यात बसून 'वर घे, वर घे' एवढंच म्हणायची. हे आमचं आम्ही केलं.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न झालं. घर आता सिमेंटचं, घरकुल योजनेतलं. एका भिंतीवर गेरू फासून जागा केली. दुकानातला तांदूळ मिक्सरला वाटला तर काकी म्हणाल्या, "हा नको, हा चिकटत नाही." मग पोराला मोटारसायकलवर शेजारच्या पाड्याला पिटाळलं, घरचा तांदूळ आणायला. तो येईपर्यंत चार बाया भिंतीपुढे बसून भांडत होत्या, देवीचा पाय कुठून सुरू करायचा यावरून. मी दोघींची नावं वहीत लिहून घेतली. बाकीच्या दोघी म्हणाल्या, "आमची कशाला?" त्यांचीही लिहिली.