प्रवाशांची यादी : रहस्यकथेतील आणि इतिहासातील

आगबोटीवर घडणाऱ्या रहस्यकथेची उभारणी एका साध्या सोयीवर झालेली असते. बोट धक्का सोडते आणि संशयितांची यादी तेथेच पूर्ण होते. अगाथा ख्रिस्ती यांच्या 1937 सालच्या ‘डेथ ऑन द नाईल’ या कादंबरीत ‘कार्नाक’ बोटीवरील मोजक्या प्रवाशांच्या जबान्या घेत हर्क्यूल प्वारो गुन्हेगारापर्यंत पोहोचतो. किती माणसे आहेत आणि ती कोण आहेत, हे त्याला अगोदरच ठाऊक असते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात मात्र नेमकी ही यादीच अनिश्चित राहिलेली दिसते. ‘वैतरणा’ ही आगबोट 1888 च्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली. द्वारकेला आणखी प्रवासी चढले. हवामान बिघडल्याने ती पोरबंदरला थांबली नाही आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिच्यावर सातशे चाळीसहून अधिक माणसे असल्याचा अंदाज आहे. लोकगीतांनी हा आकडा तेराशेवर नेला. पुढे झालेल्या चौकशीत जीवरक्षक नौका आणि इतर साधने अपुरी असल्याचे आढळले.

17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोटही खवळलेल्या समुद्रात बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. सहाशेहून अधिक माणसे दगावली. काही जण पोहून, तर काही कोळ्यांच्या होड्यांमुळे वाचले. मृतांचे आकडे येथेही निरनिराळे सांगितले जातात.

रहस्यकथेचा प्रश्न असतो, कोणी मारले? या दोन्ही दुर्घटनांचा पहिला प्रश्न आहे, कोण मेले? तेथे एका मृत्यूभोवती अनेक संशयित जमतात. येथे शेकडो मृत्यूंसमोर एकही गुन्हेगार उभा राहत नाही. वादळाला शिक्षा देता येत नाही आणि साधनांच्या अभावाची जबाबदारी अनेकांत वाटली जाऊन विरून जाते. म्हणूनच वाचकाला रहस्यकथेच्या अखेरीस लाभणारे समाधान इतिहास देऊ शकत नाही. त्याचे काम अधिक साधे आणि अधिक कठीण आहे : प्वारोच्या हाती आयती पडलेली ती यादी येथे नावानावाने जुळवावी लागते.