माकिवारा : ओकिनावाच्या कराटेतील प्रहार-खांब

माकिवारा हे जपानमधील ओकिनावा बेटावरील पारंपरिक कराटेत प्रहाराच्या सरावासाठी वापरले जाणारे लाकडी साधन होय. ‘माकि’ म्हणजे गुंडाळणे व ‘वारा’ म्हणजे पेंढा. खांबाच्या माथ्यावर पेंढ्याची दोरी गुंडाळीत असल्याने हे नाव रूढ झाले.

खांबाचा जाड बुंधा जमिनीत घट्ट पुरलेला असतो आणि छातीच्या उंचीपर्यंत तो निमुळता होत जातो. त्यामुळे ठोसा बसताच तो किंचित लवतो आणि त्याचा प्रतिरोध वाढत जातो. मनगट वाकलेले वा पवित्रा ढिला असल्यास तो साधकालाच मागे रेटतो. सांध्यांवर घट्टे पाडणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हे. न लवणाऱ्या खांबावर जोर केल्यास सांधे व मनगट दुखावतात. म्हणून आरंभी हलके, मोजके प्रहार आणि जाणत्या प्रशिक्षकाची देखरेख आवश्यक ठरते.

याच परंपरेतील ‘चिइशी’ हा दगडी वजनाचा लाकडी दांडा बंगळुरूच्या जुन्या पेठेतील ‘गरडी मने’ अर्थात तालमींत फिरवल्या जाणाऱ्या मुद्गलाशी साम्य दर्शवतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश झाला. मात्र स्पर्धात्मक लढतीत प्रहार आवरता घ्यावा लागतो. पूर्ण ताकदीच्या ठोशाची पारख आजही माकिवारावरच होते.